हेडफोनचं कूळ विचारावं

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. हेडफोनचं कूळ मात्र विचारावंच, असं माझं ठाम मत आहे. टेबलावर ठेवायचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघालेला माणूस आधी वॅट विचारतो, मग किंमत, मग ब्लूटूथ आहे का ते. जो हेडफोन त्याला लावायचा, त्याच्यावर किंवा त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेला ओहमचा आकडा तो वाचतही नाही. एकावर ३२, दुसऱ्यावर २५०, तिसऱ्यावर ३००, चौथ्यावर ६००. १९६८ साली आलेल्या एका जर्मन हेडफोनचा तर २०००. ऐकणारे कान सारखेच, गाणंही तेच, मग आकड्यांत इतकी तफावत कशी? त्याचं उत्तर इतिहासात आहे. प्रत्येक हेडफोन कुठल्या ना कुठल्या ठरावीक सॉकेटसाठी घडवला गेला आणि त्या सॉकेटची खूण त्याच्या कॉइलमध्ये ओहमच्या रूपाने राहून गेली. अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन जुळवायचे म्हणजे ही खूण वाचायची.

माझी सगळी नोकरी स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये झाली. कानावर हेडफोन, समोर मीटर. निवृत्त झाल्यावर पुण्यात घरीच दुरुस्तीचं टेबल मांडलं. तपकीर गल्लीतून रेझिस्टर, जॅक, पिना आणायच्या आणि लोकांचे अ‍ॅम्प, हेडफोन, जुने रिसीव्हर उघडायचे. "काकू, ह्याला कुठला अ‍ॅम्प घेऊ?" हा प्रश्न घेऊन मुलं येतात तेव्हा मी थेट नाव सांगत नाही. आधी हा इतिहास सांगते. तो कळला की नाव त्यांचं त्यांना शोधता येतं.

सुरुवातीच्या हेडफोनना अ‍ॅम्प्लिफायर नव्हताच. अमेरिकेतल्या युटाह राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि १९१०मध्ये नमुन्यादाखल अमेरिकन नौदलाकडे पाठवले. बिनतारी संदेश ऐकणाऱ्या नौदलाच्या माणसांना ते इतके संवेदनशील वाटले की मागणी सुरू झाली. त्यात चुंबकाच्या मधोमध तोललेली एक छोटी लोखंडी पट्टी होती, आणि ती अभ्रकाच्या पातळ पडद्याला हलवत असे. अगदी क्षीण विजेवरही ती हलायची, कारण ती तशी तोललेली होती. या रचनेला पुढे बॅलन्स्ड आर्मेचर म्हणू लागले. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

त्यानंतर क्रिस्टल सेट घरोघर गेला. गॅलिना नावाच्या शिशाच्या खनिजाचा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, एक कॉइल, उंच एरियल आणि हेडफोन. ना बॅटरी, ना विजेचं कनेक्शन. कानात जो आवाज येई त्याची सगळी ऊर्जा एरियलने हवेतून गोळा केलेली असे. खड्यातून येणारा प्रवाह इतका कमी, की त्याच्याकडून काम करून घ्यायचं तर कॉइलला केसासारख्या तारेचे हजारो वेढे द्यावे लागत. वेढे वाढले, तार बारीक झाली, की रेझिस्टन्स वाढतो. म्हणून त्या काळच्या हेडफोनवर २००० किंवा ४००० ओहम असं लिहिलेलं सापडतं. आपल्याकडे मुंबईत रेडिओ क्लबने जून १९२३मध्ये कार्यक्रम प्रक्षेपित केला, आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं. प्रक्षेपक दीड किलोवॅटचा, पल्ला साधारण ४८ किलोमीटर, लायसन्सची फी दहा रुपये. एवढ्या टापूत असा खडा आणि असा हेडफोन पुरत असे. कंपनी १९३०मध्ये बुडाली, पण रेडिओची सवय राहिली.

मग लाउडस्पीकर आला आणि आकडा एकदम खाली उतरला. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५मध्ये मूव्हिंग कॉइल स्पीकर मांडला. आजही बहुतेक स्पीकर त्याच रचनेचे असतात. त्यात कॉइल स्वतःच हलते, त्यामुळे ती हलकी हवी, वेढे थोडे हवेत. थोडे वेढे म्हणजे थोडे ओहम: चार, आठ, फार तर सोळा. पण तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असणाऱ्या व्हॉल्व्हला समोर हजारो ओहमचा भार लागे. ईएल८४ हा पुढे घराघरांतल्या रेडिओत आलेला व्हॉल्व्ह साधारण ५००० ओहमचा भार मागतो. त्याच्यासमोर ८ ओहमचा स्पीकर थेट ठेवला तर ताकद स्पीकरपर्यंत पोचतच नाही. म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर आला. ५००० भागिले ८ म्हणजे ६२५, आणि त्याचं वर्गमूळ २५. एका बाजूला पंचवीस वेढे तर दुसऱ्या बाजूला एक, या हिशेबाने ट्रान्सफॉर्मर गुंडाळला की दोघांचं जुळतं. जुन्या अ‍ॅम्पच्या पाठीमागे ४, ८, १६ असे वेगवेगळे स्क्रू दिसतात, ते याच ट्रान्सफॉर्मरचे टॅप. "मॅचिंग" हा आमच्या धंद्यातला शब्द तेव्हा अगदी काटेकोर अर्थाने खरा होता.

हा ट्रान्सफॉर्मर वजनदार आणि महाग. तो टाळायला फिलिप्सने पन्नासच्या दशकात उलटा विचार केला. व्हॉल्व्हला स्पीकरपर्यंत उतरवण्याऐवजी स्पीकरलाच वर चढवलं. कॉइलमध्ये बारीक तार भरून ८०० ओहमचे स्पीकर काढले आणि ट्रान्सफॉर्मर काढून टाकला. अशा सेटचा स्पीकर फाटला म्हणून कुणी बाजारातला ४ ओहमचा बसवला, तर सेट जवळपास मुका होतो. आकार तोच, भोकं तीच, आकडा मात्र वेगळा. स्पीकर असो की हेडफोन, ओहम ही ऐकण्याच्या दर्जाची पावती नसते. समोर कोण उभं आहे ते पाहून तो आकडा ठरवलेला असतो.

मूव्हिंग कॉइल कानाच्या मापाची करून दाखवली ती बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कंपनीने. १९२४मध्ये सिनेमागृहांचे स्पीकर बनवायला निघालेल्या या कंपनीने १९३७मध्ये डीटी ४८ आणला. डीटी म्हणजे डायनॅमिक टेलिफोन. युद्धानंतर कंपनी हाइलब्रॉनला गेली आणि हे मॉडेल सत्तर वर्षांहून जास्त काळ बनत राहिलं. एखाद्या हेडफोनला याहून मोठं आयुष्य मिळालेलं मला ठाऊक नाही.

आता येते ती माझी स्वतःची दुनिया, स्टुडिओची. रेडिओ केंद्रांनी आपली तारांची व्यवस्था टेलिफोन खात्याकडून घेतली. पाव इंची जॅक मुळात टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचबोर्डचा, आणि ६०० ओहमची लाइनही टेलिफोनचीच. ६०० ओहमवर एक मिलिवॅट म्हणजे ०.७७५ व्होल्ट, हा आमचा शून्य डेसिबल. रोज सकाळी ड्यूटीवर गेल्यावर पहिलं काम म्हणजे टोन सोडून मीटरचा काटा त्या शून्यावर आणणं. अशा व्यवस्थेत वाढलेला हेडफोन ६०० ओहमचा असणं ओघानेच आलं. व्हिएन्नामध्ये रुडॉल्फ गोरिके आणि अर्न्स्ट प्लेस यांनी १९४७मध्ये स्थापलेल्या एकेजीचा के २४० सत्तरच्या दशकात आला, तो ६०० ओहमचा.

यात व्यवहारही होता. एकाच लाइनवर निर्माता, निवेदक, तबलजी, सारंगिये, वाद्यवृंदातले सहा-सात जण ऐकत असतात. ६०० ओहमचे दहा हेडफोन समांतर जोडले तर एकूण भार ६० ओहम होतो, आणि चांगला लाइन अ‍ॅम्प तो सहज पेलतो. ३२ ओहमचे दहा जोडले तर भार ३.२ ओहमवर येतो. म्हणजे अ‍ॅम्पच्या दृष्टीने जवळजवळ शॉर्ट सर्किट. अकरावा माणूस येऊन पिन खोचतो आणि बाकी दहांचा आवाज पडतो, हे स्टुडिओत चालत नाही.

घरगुती हेडफोनचं कूळ मात्र निराळं. अमेरिकेत मिलवॉकी शहरात जॉन कॉस नावाचा तरुण होता. लग्नात सोफा घ्यायला म्हणून मिळालेल्या पैशांतून त्याने रुग्णालयातल्या पेशंटांना टीव्ही भाड्याने द्यायचा धंदा काढला. १९५८मध्ये त्याने मार्टिन लँग या सहकाऱ्याबरोबर एक फोनोग्राफ बनवला, शेजाऱ्यांना त्रास न होता एकट्याने ऐकता यावा असा. फोनोग्राफ मागे पडला. त्याच्याबरोबरच्या एसपी-३ हेडफोनवर लोक तुटून पडले, कारण स्टीरिओ रेकॉर्ड नुकत्याच येऊ लागल्या होत्या आणि दोन कानांत दोन बाजू ऐकण्याचा अनुभव नवा होता. त्या हेडफोनच्या वाट्यांत चक्क छोटे स्पीकर बसवलेले होते. अडचण एकच होती: बहुतेक घरगुती अ‍ॅम्पवर तेव्हा हेडफोनचं सॉकेटच नव्हतं. जोडायचं ते स्पीकरच्या तारांनाच.

पुढे कंपन्यांनी पुढच्या बाजूला पाव इंची सॉकेट दिलं, पण आत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर दिला नाही. स्पीकरची तीच तार एका रेझिस्टरमधून सॉकेटपर्यंत आणली. २० वॅटचा अ‍ॅम्प ८ ओहमच्या स्पीकरला साडेबारा व्होल्टच्या वर देतो. हेडफोनला लागतात मिलिवॅट. एवढी ताकद कानावर सोडली तर कॉइलही जाईल आणि कानही, म्हणून मध्ये काहीशे ओहमचा रेझिस्टर घातला. स्वस्त, सुरक्षित, आणि जास्त ओहमच्या हेडफोनसाठी अगदी निर्धोक उपाय. सत्तरच्या दशकातले बहुतेक रिसीव्हर असेच आहेत.

हा उपाय चालला, कारण हेडफोनही तसेच होते. हॅनोव्हरजवळच्या वेनेबोस्टेल गावात फ्रिट्झ झेनहायझर यांनी १९४५मध्ये प्रयोगशाळा काढली होती. पहिली वस्तू व्हॉल्व्हवर चालणारा व्होल्टमीटर. त्या प्रयोगशाळेतून १९६८मध्ये एचडी ४१४ बाहेर पडला. तोवर हेडफोन म्हणजे कान झाकून टाकणाऱ्या जड वाट्या. हा पाठीमागून उघडा, हलका, कानावर नुसता टेकणारा, आणि पिवळा स्पंज ही त्याची ओळख. वेगवेगळ्या आवृत्त्या धरून तो एक कोटीच्या वर खपला. त्याचे ओहम २०००. तो रिसीव्हरला लावा, टेपरेकॉर्डरला लावा, सॉकेटच्या आत कितीही रेझिस्टर असो, त्याला फरक पडत नसे. दोन हजारांपुढे तीनशे-चारशेची काय किंमत!

फरक पडतो तो आजचा हेडफोन त्या जुन्या सॉकेटात खोचला की. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी वडिलांचा जुना रिसीव्हर आणि स्वतःचा नवा ३२ ओहमचा हेडफोन घेऊन आला होता. "काकू, मोबाइलवर हा छान वाजतो. ह्याच्यावर लावला की ढोल नुसता घुमतो, गाणाऱ्याचा आवाज मागे जातो. हेडफोन खराब आहे का?" मी म्हटलं, "हेडफोन काढ, आपण सॉकेटलाच विचारू." लॅपटॉपवरून ४०० हर्ट्झचा टोन सोडला आणि रिसीव्हरच्या सॉकेटात एक मोकळी पिन खोचली. मल्टीमीटर एसीवर ठेवून पिनेच्या टोकावर आणि बुडख्यावर प्रोब टेकवले आणि व्हॉल्यूम फिरवत एक व्होल्टवर आणला. मग त्याच दोन टोकांवर ३३ ओहमचा रेझिस्टर धरला. एक व्होल्टचे झाले ०.०९. हिशेब सोपा आहे: एक भागिले ०.०९, त्यातून एक वजा, गुणिले ३३. उत्तर ३३० ओहमच्या आसपास. वायर काढून झाकण उघडलं तर सॉकेटच्या मागे दोन रेझिस्टर उभे, पट्टे नारिंगी, नारिंगी, तपकिरी. म्हणजे ३३०. मुलाने ते पट्टे स्वतः वाचले.

त्या ३३० ओहमने ढोल का घुमतो, तेही मी कागदावर मांडून दाखवलं. हेडफोनवर ३२ ओहम लिहिलं असलं तरी तो आकडा सगळ्या स्वरांना सारखा नसतो. कॉइल आणि पडदा जिथे स्वतःच्या लयीत हलतात त्या खर्जाच्या जागी इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा एकूण विरोध, वर चढतो. समजा तिथे ६४ झाला. ३३० ओहमच्या मागून येणारा सिग्नल दोघांत वाटला जातो. ३२ असताना हेडफोनच्या वाट्याला सुमारे ९ टक्के, ६४ असताना १६ टक्के. म्हणजे खर्ज पाच डेसिबलने वर. कानाला हे सहज कळतं. तोच हिशेब ६०० ओहमच्या, खर्जात ९०० होणाऱ्या हेडफोनसाठी केला तर फरक एक डेसिबल भरतो. वडिलांचा रिसीव्हर ठीक होता, मुलाचा हेडफोनही ठीक होता. दोघं वेगवेगळ्या काळांतले होते, एवढंच. त्या रिसीव्हरच्या टेप आउटमधून एका लहानशा डेस्कटॉप अ‍ॅम्पला सिग्नल दिला आणि तक्रार संपली.

या गोंधळाला शिस्त लावायला आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६१९३८ क्रमांकाच्या मानकात हेडफोनच्या सॉकेटसाठी १२० ओहम सुचवले गेले. पण तोवर दुसरं कूळ जगभर पसरलं होतं. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला, किंमत ३३,००० येन, दोन जणांना ऐकता यावं म्हणून दोन सॉकेट, आणि सोबत फुलासारखा हलका हेडफोन. आत दोन पेन्सिल सेल, म्हणजे तीन व्होल्ट. तीन व्होल्टमधून फार तर एक व्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो. आता गणित पाहा. एखादा हेडफोन एका मिलिवॅटला ९७ डेसिबल देतो असं धरू. गाण्यातला जोरकस तोडा ११० डेसिबलपर्यंत स्वच्छ यायचा तर २० मिलिवॅट लागतात. ३२ ओहमवर ते ०.८ व्होल्टमध्ये होतं. ३०० ओहमवर त्यासाठी २.४५ व्होल्ट हवेत; ६०० ओहमवर साडेतीनच्या जवळ. दोन सेलच्या खोक्याला ३२च परवडतो. मात्र त्या बदल्यात प्रवाह जास्त द्यावा लागतो: ३२ ओहमला २५ मिलिअँपिअर, ६०० ओहमला सहाच्या आत. कमी ओहम प्रवाह मागतो, जास्त ओहम व्होल्ट मागतो. अ‍ॅम्प निवडताना एवढं एक वाक्य पाठ असलं तरी अर्धं काम होतं.

वॉकमननंतर हेडफोनची दोन घराणी पक्की झाली. एक खिशातलं, एक स्टुडिओतलं. ज्यांना स्टुडिओतलं घराणं आवडलं आणि हाती खिशातलं खोकं होतं, त्यांच्यासाठी तिसरी वस्तू जन्माला आली: हेडफोनचा स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर. अमेरिकेत माँटाना राज्यातल्या बोझमन गावी टिल हर्टसन्स यांनी १९९२मध्ये हेडरूम कंपनी काढली, ती नेमकी याच गरजेतून. नव्वदच्या दशकाच्या शेवटी चू मॉय यांनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या अ‍ॅम्पचा आराखडा खुला केला, आणि जगभरच्या हौशी मुलांनी तो पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवला. माझ्याकडे अशा डब्या अजून दुरुस्तीला येतात. २०११मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ऑब्जेक्टिव्ह २ नावाच्या अ‍ॅम्पचा आराखडा मोजमापांसकट प्रसिद्ध केला. त्याचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे सॉकेटच्या मागचा विरोध, एक ओहमच्याही आत. अ‍ॅम्पचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, हा आज सर्रास सांगितला जाणारा नियम त्या काळात रूढ झाला. ३२ला आठने भागा, चार येतात. अ‍ॅम्प चार ओहमच्या आत असला की खर्ज फुगणं थांबतं. वर सांगितलेल्या ३३० ओहमच्या सॉकेटला हाच नियम लावला तर हेडफोन २६४० ओहमचा लागेल. एचडी ४१४चे दोन हजार त्याच्या किती जवळ जातात पाहा. जुने लोक नियम न सांगता तो जवळजवळ पाळत होते.

काही हेडफोन मात्र दोन्ही घराण्यांत बसत नाहीत. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६०मध्ये एसआर-१ हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन काढला. त्यात कॉइल नाही. दोन जाळ्यांच्या मध्ये एक अतिपातळ पडदा, आणि त्यावर शेकडो व्होल्टचा भार. त्याला त्याचाच अ‍ॅम्प लागतो, दुसरा चालतच नाही. एकेजीचा १९८९ सालचा के १००० तर कानाला न टेकता कानासमोर उभा राहणारा. १२० ओहमचा आणि एका मिलिवॅटला फक्त ७४ डेसिबल. त्यातून १०० डेसिबल काढायचे तर ०.४ वॅट, जवळजवळ सात व्होल्ट. म्हणून तो स्पीकरच्या अ‍ॅम्पलाच जोडत. आणि बाल्डविनची ती तोललेली पट्टी? ती श्रवणयंत्रांत टिकून राहिली आणि १९९१मध्ये एटिमोटिकच्या ईआर-४मधून पुन्हा संगीत ऐकणाऱ्यांच्या कानात आली. आज कानात घालायच्या महागड्या इअरफोनमध्ये एकेका बाजूला अशा चार-सहा पट्ट्या असतात. त्यांचा इम्पिडन्स स्वरागणिक खाली-वर होतो, आणि संवेदनशीलता इतकी की ताकदवान अ‍ॅम्पची सूक्ष्म खरखरही ऐकू येते. त्यांच्यासाठी ताकद नको; एक ओहमच्या आतला, कमी गेनचा, शांत अ‍ॅम्प हवा.

टेबलावरच्या स्पीकरचं कूळही सांगायला हवं, कारण तेही हेडफोनशी बांधलेलं आहे. बाहेरच्या प्रक्षेपणासाठी बीबीसीच्या गाड्या असत. त्यांत मोठा स्पीकर मावत नसे, आणि हेडफोनवर केलेला निवाडा पुरेसा भरवशाचा मानला जात नसे. म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात एलएस३/५ए घडवला. जेमतेम फूटभर उंच, आत केईएफचे बी११० आणि टी२७, आणि आधी १५ ओहमचा. हाताच्या अंतरावरून ऐकायच्या स्पीकरची परंपरा त्याने घट्ट रुजवली. १९७८चा यामाहा एनएस-१० घरगुती म्हणून निघाला आणि पांढऱ्या कोनसह स्टुडिओच्या कन्सोलवर जाऊन बसला. एकाच टेबलावर हेडफोन आणि जवळचे स्पीकर, दोन्हीवर आळीपाळीने ऐकायचं, ही पद्धत मूळची आम्हा कंट्रोल रूमवाल्यांची. आजच्या डेस्कटॉप अ‍ॅम्पच्या पुढे सॉकेट आणि मागे लाल-पांढरी आरसीएची जोडी असते, ती याच पद्धतीची घरगुती आवृत्ती.

त्या मागच्या जोडीतून फक्त लाइनचा सिग्नल येतो. तो आत स्वतःचा अ‍ॅम्प असलेल्या अ‍ॅक्टिव्ह स्पीकरसाठी. साधे ८ ओहमचे स्पीकर हेडफोनच्या सॉकेटात लावू नयेत. एक व्होल्टला ८ ओहम म्हणजे वॅटचा आठवा भाग; एवढ्यात एलएस३/५एसारखा कमी संवेदनशील स्पीकर खोली भरू शकत नाही, आणि अ‍ॅम्प मात्र तापतो. अशा स्पीकरला मध्ये वेगळा पॉवर अ‍ॅम्प हवाच. तसंच चार पिनांच्या बॅलन्स्ड सॉकेटातून साध्या पिनेचा अ‍ॅडाप्टर लावून स्पीकरकडे तार नेऊ नये. तिथे दोन्ही बाजूंच्या निगेटिव्ह तारांवरही सिग्नल असतो. त्या ग्राउंडला टेकल्या की आउटपुट शॉर्ट होतो. असे जळलेले अ‍ॅम्प माझ्या टेबलावर आलेले आहेत.

मग घ्यायचं काय? ३२ ओहमचा, चांगल्या संवेदनशीलतेचा हेडफोन असेल तर बऱ्याच जणांना वेगळ्या अ‍ॅम्पची गरजच नसते, हे मी स्पष्ट सांगते. फोनला लावायचा, नीट बनवलेला साधा डोंगलही त्याला पुरतो. २५० ते ६०० ओहमचा हेडफोन असेल तर अ‍ॅम्प किती वॅट देतो ते विचारू नका, त्या ओहमवर किती व्होल्ट देतो ते विचारा. पडदाभर तार पसरलेला प्लॅनर हेडफोन असेल तर ओहम कमी असूनही भूक मोठी असू शकते, तिथे प्रवाह पाहा. इअरफोन असेल तर शांतता पाहा. आणि घरात वडिलांचा रिसीव्हर असेल तर तो भंगारात देऊ नका. त्याला साजेसा जास्त ओहमचा हेडफोन लावा, दोघं अजूनही सुरेख वाजतात.

२०१६मध्ये आयफोन ७मधून हेडफोनचं सॉकेट गेलं, आणि मग इतर फोनमधूनही जात राहिलं. बिनतारी हेडफोनमध्ये अ‍ॅम्प वाटीच्या आतच असतो. तिथली जुळणी कारखान्यात होते आणि ती उत्तम होते, हे मान्य करायला हवं. पण तिथला अ‍ॅम्प, बॅटरी आणि हेडफोन एकाच कवचात बंद आहेत. बॅटरी थकली की बहुतेक वेळा सगळंच टाकून द्यावं लागतं. जुन्या वायरच्या हेडफोनसारखं दीर्घ आयुष्य त्या रचनेत अवघड आहे. टेबलावरचा अ‍ॅम्प, त्याला वायरने जोडलेला हेडफोन आणि शेजारचे स्पीकर यांत प्रत्येक वस्तू वेगळी आहे, उघडता येते, बदलता येते, आणि चाळीस वर्षांपूर्वीची वस्तू आजच्या वस्तूशी जोडता येते. ही जोडणी आपल्या हातात राहावी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी फार काही लागत नाही. एक मल्टीमीटर, एक ३३ ओहमचा रेझिस्टर, आणि आकडा कुठून आला हे विचारायची सवय.